अर्ध्या लेखाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी काशाची घंटा आहे. किती जुनी, असं विचाराल, तर ते मलाही नेमकं सांगता येत नाही. माझ्या पोटावर कोरलेला लेख अर्ध्यातूनच सुरू होतो. त्याची सुरुवात माझ्या बहिणीच्या अंगावर होती. आम्हांला ओतणाऱ्या कारागिराने एकच लांब लेख दोघींत वाटून टाकला होता. शहाणाच म्हणायचा!

चीनमधल्या वेई नदीजवळच्या पिवळ्या मातीत आम्ही दोघी शेजारीशेजारी निजलो होतो. शेत खणणाऱ्या कौ काकांच्या कुदळीने आम्हांला जाग आणली. त्यांनी मला गावातल्या बोराच्या झाडाला टांगलं. माझा टोला पडला की सारा गाव शेतावर निघायचा, आणि मी फुशारून जायचे. बहिणीच्या वाट्याला मात्र कोठाराचा कोपरा आला, गळ्यात गवताची दोरी बांधून.

एके दिवशी तालुक्याहून वेनश्यू बाई आल्या. जुने लेख वाचून वस्तूचा काळ ठरवणं हे त्यांचं काम. त्यांनी माझ्या अंगावर ओला कागद चापून बसवला आणि शाईच्या बोळ्याने हळूहळू थोपटला. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, हिची जोडीदारीण कुठंय? साल तिच्यावर असणार."

"ती होय? परवाच भंगारात दिली की. एका गावाला दोन घंटा कशाला?"

"अहो, काय करून बसलात! आज दुपारी तिथली भट्टी पेटते!"

कौ काका ट्रॅक्टरकडे धावले. जोड जुळवून दाखवायला मलाही पोत्यात गुंडाळून ट्रॅक्टरवर घातलं. वाटेत प्रत्येक खड्ड्यागणिक मी थरथरत होते, आणि ते काही फक्त खड्ड्यांमुळे नव्हे.

"काका, जरा पळवा ना!"

"बाई, ट्रॅक्टर आहे हा, घोडा नाही! माझा काय जीव खालीवर होत नाहीये?"

भंगाराच्या आवारात भट्टी धडधडत होती. कळकून हिरव्या पडलेल्या जुन्या भांड्यांचा डोंगर पडला होता. त्यात कौ काकांना गवताची दोरी दिसली, गाठ त्यांच्याच हातची.

"थांब रे बाबा! थांब!"

पण तिथल्या कामगाराचा घण वर गेला होता. तो खाली आलाच. बहीण एकदाच ओरडली. तिचा एक तुकडा घरंगळत भट्टीच्या तोंडात गेला.

उरलेला तुकडा बाईंनी आपल्या रुमालाने पुसला. "राजाचं एकतिसावं वर्ष," त्या म्हणाल्या. "राजाचं नाव नाही. तेव्हा सगळ्यांना ठाऊकच होतं ना! पण एकतीस वर्षं टिकलेले राजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. महिना, चंद्राची कला आणि दिवसही मिळाला असता, तर जुन्या पंचांगाशी ताडून नेमका राजाच सापडला असता."

तेवढं मात्र भट्टीत वितळत होतं.

कौ काका माझ्याजवळ बसले. "आणि हिच्यावर काय लिहिलंय?"

बाईंनी माझी शेवटची ओळ वाचली. "मुलांनी, नातवंडांनी हिला कायम जपावं आणि वापरावं."

"रोज बडवत होतो हिला," काका म्हणाले आणि रडू लागले. "एकदा तरी कुणाला विचारायचं होतं."

मित्रांनो, आता मी संग्रहालयात असते, बहिणीच्या तुकड्याशेजारी. माझ्या पाटीवर काळापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. तुमच्या घरात न कळणारं काही जुनं सापडलं, तर टाकण्याआधी एकदा कुणाला तरी विचारा.