भिकीचा पोर

"काकड्या नावाचं मूल पाड्यावर नाहीच," पथकातल्या उमेशने हेल्मेट टेबलावर ठेवत सांगितलं. "दोन दिवस हिंडलो. एक आजी तर म्हणाली, असला कोणी जन्मलाच नाय."

रुपल मॅडमनी सुस्कारा टाकला आणि तपासणीच्या फॉर्मवर लिहिलं, 'कुटुंबाचे सहकार्य नाही.'

शुक्री लादी पुसत होती. डहाणूच्या त्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं आया होती. २०१७च्या पावसाळ्यात मॅडमचं पथक मुंबईहून आलं होतं. खोकल्याचा विषाणू शिरला की लहान मुलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी कशा लढतात, ते त्यांना तपासायचं होतं. रक्त काढताना मुलाचा हात धरणं हे शुक्रीचं काम. पेशी छातीकडे धावल्या की हातातल्या रक्तात त्या कमी दिसतात, हे तिला ऐकून ऐकून समजलं होतं. काकड्याच्या रक्तात त्या फारच कमी निघाल्या होत्या. अशा मुलाला त्याच दिवशी आणून ऑक्सिजन लावायचा, असं ठरलेलं होतं.

"कोणाचा पोर?" तिने विचारलं.

"आशागडच्या पुढची ती भिकी."

शुक्रीने फडकं बादलीत आपटलं. "पोर बरा होत नसला की त्याचं नाव बदलतात आमच्यात. जुनं नाव घेतलं तर आजार घर ओळखतो, म्हणून आजी नाय बोलली. भिकीचा पोर विचारायचा ना."

"मग आधी का नाही सांगितलंत, मावशी?" मॅडमचा आवाज चढला.

"विचारलं कोणी? मला हात धरायला बोलावता. तोंड उघडायला नाय."

जीप निघाली तेव्हा शुक्री कुणाला न विचारता पुढे बसली. उमेश दोनदा काही बोलला. तिने मान वळवली नाही.

भिकीच्या अंगणात आजी पोराच्या झोळीचं लुगडं धूत होती. पोर पहाटे गेला होता. लक्ष्या हे नवं नाव त्याला चारच दिवस लाभलं. पुरुष अजून माती देऊन परतले नव्हते.

आता रिपोर्टचं काही बोलू नका, असं मॅडमनी हळूच बजावलं.

ओट्यावरून भिकीने शुक्रीकडे पाहिलं. "शुक्रीबाय, रक्त नेलं, त्यात काय निघालं?"

शुक्री तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुझा पोर लढत होता. रक्तातलं सगळं बळ छातीत गेलेलं. आम्हाला परवा कळलं."

"परवा?"

"परवा. सकाळी."

मॅडम जीपकडे गेल्या. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. शुक्री जागची हलली नाही. आजीने पिळण्यासाठी लुगड्याचं दुसरं टोक पुढे केलं, ते तिने दोन्ही हातांनी धरलं.