रबरी चपला

"काका, पेशंटच्या पायात चपला कुणी घातल्या?" नर्सबाईंनी चादर उचलून विचारलं.

"मी. रबरी आहेत. असू द्या," वायरमन म्हणाला.

"अहो, त्या तर झोपूनच असतात. पाय जमिनीला लागतात कुठे?"

हे त्यालाही कळत होतं. उभा जन्म त्याने तारांत काढला होता. पायात रबर असल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, हे कित्येक पोरांना कान पिळून शिकवलं होतं. पण आत नेणार होते ती त्याची बायको होती, आणि बायकोच्या बाबतीत त्याचं शहाणपण चुलीत गेलं होतं. मागच्या दोन खेपांना तो गप्प बसला. आज राहवलं नाही, स्वतःच्याच चपला काढून तिला घातल्या आणि आता तो अनवाणी उभा होता. नर्सबाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"राहू द्या मग. चपलांनी काही बिघडत नाही."

बायकोचं आधी हसणं गेलं, मग बोलणं, मग जेवण. जिचा आवाज चढला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे, ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी शॉकचं नाव काढलं. भूल देऊन, काही सेकंद, डोक्याला बेताचाच करंट. मधल्या काळातलं काही विसरायला होईल, हेही त्यांनी लपवलं नाही. बायकोला विचारलं तेव्हा तिने हळूच मान डोलावली. सही करण्याआधी कागद तीनतीनदा वाचला तो वायरमनने.

त्याची थोरली बहीण कडाडली होती. "अरे, जन्मभर लोकांना करंटपासून लांब ठेवलंस आणि घरच्या माणसाला शॉक देतोस? उद्या तुलाच विसरली तर?"

"विसरली तर पुन्हा ओळख काढीन. पहिल्यांदा तरी मी कुठे पसंत होतो तिला!"

बोलला खरा, पण ताईचं ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. ताई रुसूनही आज चहाचा थर्मास घेऊन बाकावर त्याच्या शेजारीच बसली होती.

बायकोला बाहेर आणलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. परक्या माणसाकडे पाहावं तसं, बराच वेळ. मग तिची नजर खाली गेली.

"अहो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "या तुमच्या चपला माझ्या पायात कशा? धुतल्या तरी होत्या का?"

वायरमन हसला की रडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. ताईने थर्मास खाली ठेवला. "अगं बाई, बोलली! आणि पहिल्याच वाक्यात नवऱ्याची खरडपट्टी!"

पुढच्या खेपांनंतर तिची जीभ व्याजासकट परत आली. घरी सोडलं त्या दिवशी ती जिना चढताना तिघांच्या वाटचं एकटीच बोलत होती. दाराशी वायरमन किल्ली चाचपू लागला, तेवढ्यात तिचं लक्ष बेलकडे गेलं.

"बंदच असेल अजून. गावभर उजेड आणि दिव्याखाली अंधार!"

बेल त्याने केव्हाच दुरुस्त केली होती, बायको गप्प असतानाच. बंद बेलवरून तिने एवढी वर्षं कटकट केली, निदान या आवाजाला तरी वळून बघेल, म्हणून दाराबाहेर उभा राहून वाजवत राहिला होता. ती वळली नव्हती. त्या दिवशी तो याच पायरीवर बसून पोरासारखा रडला होता. यातलं तिला काही आठवत नव्हतं.

"दाबून तर बघ," तो म्हणाला.

तिने दाबली आणि दचकून हात मागे घेतला. "अय्या! कधी केलीत?"

ताईने तोंड उघडलं. त्याने डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

"आज सकाळी. तू येणार म्हणून."

तिने पुन्हा बेल वाजवली. मग पुन्हा. शेजारच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. "आलात का?" कुणीतरी ओरडलं.

"आले, आले!" ती म्हणाली, पण बटणावरचं बोट काही काढेना.

आत दार उघडायला कुणीच नव्हतं. किल्ली वायरमनच्या खिशात होती. त्याने ती तिथेच राहू दिली.