फाल्गुनातला कुरव

भिवाने पिंडाभोवती पुन्हा पाणी फिरवलं आणि मागे सरून तो सगळ्यांजवळ येऊन उभा राहिला. पवनेच्या घाटावर ऊन चढलं होतं. समोरच्या करंजावर कावळे बसले होते आणि ढिम्म हलत नव्हते. एरवी या कासारवाडीत त्यांच्यापायी वाळवण घालायची सोय नाही. आज मात्र त्यांना जणू उपास होता.

"दादाचा जीव कशात तरी अडकलाय," भिवा म्हणाला. "पोरींची लग्नं मी करीन म्हणालो, तरी कावळा शिवत नाही. आता तुम्हीच बोला, वहिनी."

कस्तुराने पदर घट्ट ओढून घेतला. काय बोलायचं ते दिराने सकाळीच सांगून ठेवलं होतं. खोली सोडते, पोरींना घेऊन गावी येते, एवढंच. गाव डहाणूकडचं, दारापुढे सुरूची झाडं, वाळूवर मर्यादवेल पसरलेली. तिथं दिराच्या संसारात जन्म काढायचा. इथं नवऱ्याच्या कंपनीने तिला कॅन्टीनमध्ये काम देऊ केलं होतं आणि थोरली पोर शाळेत पहिली आली होती. नवऱ्याच्या पिंडापुढे खोटं बोलवत नव्हतं आणि चार माणसांत खरं बोलायचा धीर होत नव्हता.

"बोल की गं बाई," शेजारची चिमाबाई हळूच म्हणाली. "जीव घुटमळतोय बग त्याचा. आसं ताटकळत ठिवू न्हाई."

तेवढ्यात नदीवरून एक पांढरा पक्षी तिरका खाली आला. कावळे कलकलाट करत उठले. पक्ष्याने पिंडातला भात चोचीत घेतला आणि तो परत पाण्यावर जाऊन बसला.

"कुरव! दर्यावरचा पक्षी!" भिवाचा आवाज चिरकला. "बघा वहिनी, दादा घरी चला म्हणतोय."

शास्त्राला कावळाच लागतो, असं गुरुजी सांगत होते, पण त्यांच्याकडे लक्ष कुणाचं होतं?

कस्तुरा पाण्याकडे बघत होती. तिच्या नवऱ्याला, रंगरावला, गुरुवारची सुट्टी असे. थंडीच्या दिवसांत तो तिला इथं कुरव दाखवायला आणायचा. गावच्या किनाऱ्यावर त्यांच्यातच तो वाढलेला. हे मूळचे आपल्याकडचे नव्हेत, तो सांगायचा. पार उत्तरेकडून, बर्फाच्या मुलखातून पोटासाठी येतात. आले की डोकं पांढरं असतं. फाल्गुनात त्यावर तपकिरी टोपडं चढायला लागतं. ते पुरतं चढलं की समजायचं, हा आता निघाला. मग नदी रिकामी झाली की रंगराव एकदोन दिवस कुणाशी धड बोलत नसे.

पाण्यावरचा कुरव तिच्याकडे वळला. त्याचं डोकं मानेपर्यंत तपकिरी झालं होतं.

दहा दिवस कस्तुरा रडली नव्हती. आता तिला हुंदका आवरेना. चिमाबाईने तिला पोटाशी धरलं, पण ती हात सोडवून पुढे गेली आणि पिंडासमोर उभी राहिली.

"तुम्ही निघा," ती म्हणाली. "तुमची वेळ झाली. मी पोरींना घेऊन इथंच राहते. कामावर जाते."

"वहिनी!"

"त्यांना जाऊ द्या, भावोजी. अडवू नका."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. पोरी आईला येऊन बिलगल्या. माणसं पांगू लागली, तरी भिवा पायरीवरच बसून होता. आता त्याच्याकडे बघितल्यावर कस्तुराला पहिल्यांदाच जाणवलं, त्याचाही भाऊ गेला होता.

"आई दारात बसली असेल," तो खाली बघत म्हणाला. "तुम्हाला घेऊन येतो म्हणून सांगून आलोय. आता तिला काय सांगू?"

कस्तुरा त्याच्याशेजारी टेकली. थोडा वेळ तिने धाकटीच्या फ्रॉकला लागलेली वाळू झटकली.

"मे महिन्यात येते म्हणावं," ती म्हणाली. "रजा मिळाली की."