कच्ची मेथी

चूक माझी होती. हे वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं, तेवढं सोडून बाकी सगळं बोलले.

चौऱ्याहत्तर साल. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सोलापुरातल्या दवाखान्याने मला वस्त्यावस्त्यांतून आहार शिकवायला पाठवलं होतं. मी पंचवीस वर्षांची नर्स, हातात छापील तक्ते, जिभेला लगाम नाही. त्या दिवशी मठाच्या ओसरीवर वीसेक बायका जमल्या होत्या. पालेभाजी कशी करता, म्हणून मी विचारलं. गुरम्मा म्हणाली, "आमी चांगली उकळतो, ते पानी टाकून देतो, मग फोडणी देतो."

गुरम्मा मळेवाली. शहराच्या कडेला तिचा भाजीचा मळा, आणि डोक्यावर पाटी घेऊन ती याच वस्तीत रोज भाजी विकायची.

"म्हणजे सगळं सत्त्व मोरीत!" मी कडाडले. "भाजी पिकवता तुम्ही, आणि अक्कल एवढीच? कोवळी मेथी भाकरीबरोबर कच्ची खायची असते."

बायका हसल्या. मला चेव आला. तिच्याच पाटीतली मेथी मी पातेल्यातल्या पाण्यात एकदा बुडवून काढली आणि म्हटलं, "द्या नातीला. सगळ्यांसमोर."

गुरम्माने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या बायकांकडे. मग मांडीवरच्या चार वर्षांच्या चंद्रव्वाच्या तोंडात तिने पानं घातली. पोर मजेत चावत बसली. मी जिंकले होते.

तिसऱ्या दिवशी कळलं की चंद्रव्वा इस्पितळात आहे. रक्ताचे जुलाब. मी पोचले तेव्हा पोरीला सलाईन लावलं होतं, डोळे खोल गेले होते. गुरम्मा खाटेशेजारी जमिनीवर बसली होती.

"घरात स्वच्छता ठेवत नाही का तुम्ही?" मी विचारलं. हो, तेव्हाही मी हेच विचारलं.

"बाई, मळ्याला नाल्याचं पानी हाय," ती हळू म्हणाली. "गावातल्या गटारी त्यातच येत्यात. विहीर आटल्यापासनं दुसरं पानी कुटलं? म्हणून उकळल्याबिगर आमी तोंडात घालत न्हाई. गिऱ्हाइकालाबी सांगते, लई शिजवा म्हणून."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तितं सगळी माजी गिऱ्हाइकं बसली हुती की. गटाराचं पानी म्हणू त्यांच्याम्होरं?"

माझे कान तापले. पाणी कुठलं, हा एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता. एका बुडीत घाण जात नाही, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. वर आता वीस घरांत माझ्या सांगण्यावरून कच्ची मेथी खाल्ली जात असणार.

तेवढ्यात डॉक्टर आले. पोरीची नाडी पाहिली, धोका टळला म्हणाले आणि मग आवाज चढवला, "कच्चा पाला कुणी चारला हिला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"मी," गुरम्मा म्हणाली.

डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी ते माझ्याकडे वळले, "सिस्टर, या लोकांना जरा शिकवा हो." आणि मी "हो सर" म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मी ती वीस घरं पालथी घातली. भाजी शिजवूनच खा, कच्ची अजिबात नको. सहाव्या घरी शिवबाईने विचारलं, "आवं, परवा तर तुमीच कच्ची खा म्हणला हुता?"

"वरून नवीन पत्रक आलंय," मी म्हटलं.

"व्हय का? बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली, आणि उन्हातून आलात म्हणून तिने मला चहा दिला. मी तो बसून, सावकाश प्यायले.