दगडफुलांच्या पेपरवरची नावं

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलं की डुलकी लागते, कीर्तनात मीही बसलेली आहे तिथं. आज पूर्वरंग नाही, निरूपण नाही, एकदम आख्यानालाच हात घालते. आख्यान देवाचं नाही हो. नावामागं डॉक्टर लावणाऱ्या थोर माणसांचं आहे. ऐकताना मध्येच रामकृष्णहरी म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा, जिभेला तेवढंच पुण्य.

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं ऑफिस मी सांभाळते. आवक-जावक, हजेरी, कपाटाच्या किल्ल्या, आणि सरांचा चहा बिनसाखरेचा आहे ना, हे बघणं. विभागप्रमुख डॉ. बद्रीनाथ पाठारे. त्यांच्या हाताखाली दोन मुली पीएचडी करत होत्या. एक चैताली मेश्राम, भंडाऱ्याची. दुसरी राधा जगताप, सासवडची. चैताली सकाळी आली की दारातूनच "जय भीम, ताई" म्हणायची, मी "रामकृष्णहरी" म्हणायचे, आणि दोघींचाही दिवस बरा जायचा.

त्यांचा विषय होता दगडफूल. हो हो, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं तेच. ते झाडाच्या सालीवर वाढतं, आणि हवा बिघडली की मुकाट्यानं मरून जातं. तक्रार नाही, मोर्चा नाही. स्वारगेटपासून कात्रजपर्यंत रस्त्याकडेच्या झाडांवर कुठं कोणतं दगडफूल टिकलंय आणि कुठं साल बोडकी झालीय, हे बघितलं की हवेची कुंडली हातात येते. चैताली उन्हातान्हात झाडं हुडकायची, मोजमाप करायची, पुढं हिशेब मांडायची. पुड्यांमधून आणलेले तुकडे राधा सूक्ष्मदर्शकाखाली घालून ओळख पटवायची. एकसारखी दिसणारी दोन दगडफुलं निराळी काढायला तिला कधीकधी अख्खी दुपार लागायची. मान आखडली की माझ्या टेबलापाशी यायची आणि म्हणायची, "ताई, एक लवंग द्या, डोकं गरगरतंय."

सरही एकदा झाडापाशी गेले होते, खोटं कशाला बोलू? भिंग डोळ्यापासून हातभर लांब धरून त्यांनी फोटो काढून घेतला आणि त्याच रिक्षानं परत आले.

पुढं राधाची फेलोशिप संपली. घरी वडील आजारी. तिनं हिंजवडीच्या एका कंपनीत तपासणीची नोकरी धरली. तरी राहिलेल्या पुड्या संपेपर्यंत ती रविवारी येत राहिली. रविवारी विभागाचं कुलूप मीच उघडून द्यायचे, म्हणून मला माहीत.

मग चैतालीनं पेपर लिहिला. पहिल्या पानावर तीन नावं घातली: चैताली, राधा, शेवटी सर. सरांच्या समोर ठेवला. सरांनी आतलं पान उलटलंसुद्धा नाही, खिशातलं पेन काढलं.

"ही राधा कोण?"

"सर, आपली राधा जगताप."

"ती गेली ना सोडून? सोडून गेलेल्यांची नावं सांभाळायला ही काय वंशावळ आहे?"

"पण सर, ओळख सगळी तिनंच पटवलीय."

"ओळख काय, पुस्तकात बघून कुणीही पटवतं. हे बघ. आधी तात्याराव."

तात्याराव म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मग प्राचार्य. मग स्वतः. मग आयुष, म्हणजे सरांचे चिरंजीव. तो इंजिनिअरिंगला, त्याला परदेशी प्रवेश हवा, आणि तिकडे म्हणे पेपर असला की बरं पडतं. सगळ्यात शेवटी चैताली.

"तू तरुण आहेस," सर म्हणाले, "तुझं नाव पुढं येतच राहील."

मी सह्यांची फाइल घेऊन उभी होते. मला राहवलं नाही. "सर, खाली एक ओळ राहिली. आमच्या मामाच्या पेपरला यायचं हं, असं एखाद्या लहान मुलाच्या नावानं घाला की."

"गोदाताई, आपण आवक-जावक बघा."

बघितलं. पेपर परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकाकडे गेला. तो पाठवला चैतालीनंच, कारण सरांना त्या वेबसाइटवर स्वतःचा पासवर्ड कधी सापडला नाही. दुसऱ्या दिवशी तिकडून मेल आला: आपला लेख मिळाला, आभारी आहोत.

सरांनी तो मेल छापून घेतला. "स्वीकारला!" म्हणून विभागभर फिरले.

"सर, ही नुसती पोच आहे," चैताली म्हणाली. "मशीन पाठवतं आपोआप."

"आभार मानलेत ना? नको असलेल्या लेखाचे आभार कोण मानतं?"

आता यावर काय बोलणार? उभा जन्म ज्यांनी फक्त सत्कारसमारंभांत आभार ऐकले, त्यांना आभार म्हणजे काम फत्ते असंच वाटणार. शनिवारी गेटवर फ्लेक्स लागला. तात्यारावांचा फोटो एवढा मोठा, सरांचा त्याखाली, आणि कोपऱ्यात दगडफुलाऐवजी गुलाब, कारण फ्लेक्सवाल्याकडे दगडफुलाचं चित्र नव्हतं. शाल झाली, श्रीफळ झालं. तात्याराव भाषणात म्हणाले, "आमच्या संस्थेनं दगडालाही फूल आणलं." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून सर मान डोलावत होते. चैताली मागे खुर्च्या लावत होती. मला आमचे कीर्तनकार बुवा आठवले. रोजच्या कीर्तनाच्या शेवटी ते तबल्यावर कोण होतं, पेटीवर कोण होतं, मागं टाळ कुणी धरला, सगळ्यांची नावं घेतात. टाळकरी नवखा असला, चुकला असला तरी. बुवा बिचारे दहावी नापास. त्यांनी डॉक्टरेट केली असती तर ही सवय सुटली असती.

पण तिकडचे संपादक काही श्रीफळावर बसले नव्हते. लेख वाचून झाल्यावर त्यांचा खरा मेल आला. प्रत्येक लेखकानं आपापल्या मेलवरून कळवावं: आपण या कामात नेमकं काय केलं, आणि लेखातल्या प्रत्येक शब्दाला आपण जबाबदार आहोत याखाली सही करावी.

अहो, काय जादू त्या एका शब्दात! सकाळी अकराला तात्यारावांचा फोन. सरांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला, अध्यक्षांचा फोन आलेला सगळ्यांना कळावा म्हणून.

"पाठारे, हे जबाबदार म्हणजे काय?"

"काही नाही साहेब, औपचारिकता. मी लिहून पाठवतो. आपलं योगदान, प्रेरणा आणि आशीर्वाद."

"आशीर्वाद तोंडी असतो हो. त्याच्यावर सही कशाला? मी संस्थेच्या ठरावावरसुद्धा उभ्या आयुष्यात 'पाहिले' एवढंच लिहीत आलोय. काढा माझं नाव."

तासाभरात प्राचार्य खाली आले. "तात्याराव नाहीत तिथं मी असणं शोभणार नाही," असं म्हणून नम्रतेनं तेही निघाले. राहिला आयुष. तो संध्याकाळी वडिलांना न्यायला आला होता.

"बाबा, मी काय केलं म्हणून लिहू?"

"लिही, नमुने गोळा केले."

"कुठून?"

"कात्रजहून."

"सीरियसली? मी कात्रजला फक्त साप बघायला गेलोय, तेही शाळेच्या ट्रिपमध्ये. व्हिसाच्या इंटरव्ह्यूला कुणी विचारलं तर? मला नकोय हे, प्लीज."

सगळ्या घोळक्यात हा पोरगा एकटा खरं बोलला, तेही भीतीनं. पण बोलला, नोंद घ्या.

मिरवणूक अशी पांगली. पेपरवर उरले दोघं, सर आणि चैताली. चैताली सरांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"सर, आता जागा आहे. राधाचं नाव घालू या."

"आता घातलं तर आधी का नव्हतं, हे नाही विचारणार ते? माझी शोभा करायचीय तुला? आभारात घालतो. शेवटच्या पानावर."

"आभारात नको, सर. ती लेखक आहे."

"लेखक कोण, हे मार्गदर्शक ठरवतो."

"मग मी सही करत नाही."

सर खुर्चीत मागं रेलले. "पेपर नाही तर प्रबंध पुढं जात नाही, माहितीये ना? भंडाऱ्याला जाऊन आईला काय सांगशील, दगडफुलं वेचत होते?"

ती बाहेर आली, माझ्या टेबलापाशी बसली आणि राधाला फोन लावला. राधा कंपनीच्या बसमध्ये, हिंजवडीच्या गर्दीत अडकलेली. मागं हॉर्नच हॉर्न.

"चैतू, वेडी आहेस का? कर सही आणि मोकळी हो. मला या नोकरीत पेपर कोण विचारतंय?"

"मी विचारते ना."

"तुझी इतकी वर्षं जातील गं."

"तुझ्याशिवाय माझ्याकडे काय आहे सांग बाप्पा? एक झाड, आणि त्याच्यावर काहीतरी. एवढंच लिहू का?"

हॉर्न वाजत राहिले.

चैतालीनं संपादकांना सगळं खरं लिहून कळवलं. मीच म्हटलं, लिही, पांडुरंग बघून घेईल. संपादकांनी सभ्यपणे उत्तर दिलं, तुमचं आपसात एकमत होईपर्यंत लेख थांबवतो, तुमच्या संस्थेनं निकाल लावावा. संस्थेनं लगेच समिती नेमली. समितीचे निमंत्रक कोण? विषयाचे तज्ज्ञ म्हणून डॉ. बद्रीनाथ पाठारे.

समितीची पहिली बैठक व्हायच्या आतच सरांनी लेख तिकडून मागे घेतला आणि दुसरीकडे देऊन टाकला. ही दुसरी नियतकालिकं तुम्हाला ठाऊक नसतील. त्यांचे मेल आमच्याकडे रोज येतात, 'आदरणीय महोदय, आपल्या थोर लेखणीची प्रतीक्षा आहे' म्हणून. फी भरली की आठवड्यात छापून येतं. कुणी वाचत नाही, कुणी विचारत नाही. सही लागत नाही.

आणि सही लागत नाही म्हटल्यावर सगळे परत आले की हो! तात्याराव पहिले, प्राचार्य दुसरे, सर तिसरे, चौथा आयुष, त्याला न विचारता. पाचवं नाव नव्हतंच. राधा तर नाहीच, चैतालीही नाही. फ्लेक्स पुन्हा लागला, गुलाबही तोच.

एकदा कुठंही छापलेलं काम चांगलं नियतकालिक पुन्हा घेत नाही. स्वारगेटपासून कात्रजपर्यंतचं प्रत्येक झाड त्या पोरींच्या हातून गेलं. चैतालीनं ते छापील पान माझ्या टेबलावर बघितलं. रडले मीच. ती म्हणाली, "ताई, यांनी राधाच्या यादीतली दोन दगडफुलं एकच समजून एका ओळीत टाकलीत. आता हे असंच राहणार." तिला दुःख झालं ते त्याचं.

तिनं मार्गदर्शक बदलला. दुसऱ्या कॉलेजच्या एक नम्रता मॅडम आहेत, त्यांनी घेतलं तिला. वर्षं फुकट गेली ती गेलीच. आता काम सोलापूर रस्त्यावरच्या झाडांवर, पहिल्यापासून. रविवारी राधा येते. सुटीच्या दिवशी घराबाहेर पडते म्हणून घरच्यांची बोलणी खाते, तरी येते. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काम कोण कोण करणार? नावं आत्ताच लिहून ठेवू." चैतालीनं आधी राधाचं सांगितलं.

हा नवा पेपर कधी होईल, होईल की नाही, मला सांगता येत नाही. तोवर कुणी पुण्याच्या दगडफुलांची माहिती शोधली, तर त्याला तात्याराव सापडतील. छापलेलं पुसायची ताकद माझ्यात नाही. म्हणून तुमच्याकडे मागते आहे. राधा जगताप, सासवडची. ते काम तिनं केलं होतं. कुठं छापलेलं नाही, तेव्हा तुम्ही तरी लक्षात ठेवा.