घोगऱ्या घंटेचा मनोरा

मित्रांनो, मी एक मनोरा आहे. जुना नाही, पडका नाही, आणि माझी कीव करायला कुणी येऊ नये. पुण्याजवळ मोशीच्या पुढे जे विद्यापीठ आहे ना, त्याच्या पटांगणात मी ताठ उभा आहे. मुलं एकमेकांना "घंटेपाशी भेट" म्हणून सांगतात, ती घंटा माझ्याच माथ्यावर आहे.

मला गोरक्ष सरांच्या आठवणीसाठी बांधलं. सर इथल्या वर्कशॉपमध्ये ओतकाम शिकवायचे. करोनात ते गेले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना शेवटचं दर्शनही मिळालं नाही. ती सल त्यांच्या मनात राहिली. भोसरीत नोकरी करणारे ते विद्यार्थी एका गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, एका लहानशा फाउंड्रीत जमले आणि त्यांनी सरांसाठी घंटा ओतली.

घंटा झकास उतरली होती. पण या पोरांचे हात गाडीचे आणि पंपाचे भाग करण्यात मुरलेले. चकचकीत झाल्याशिवाय माल बाहेर सोडायचा नाही, ही सवय. त्यांनी ग्राइंडर लावला आणि घासून घासून घंटेची एक बाजू पातळ करून ठेवली. दिसायला ती आरशासारखी झाली, आवाज मात्र बसला. माझ्यावर चढवून पहिला टोला दिला तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले. सरांच्या पत्नी रतनबाई तेवढ्या पदराने डोळे पुसत हसायला लागल्या.

"आरं, ह्यांचाबी आवाज असाच व्हता! मशिनीवर वरडून वरडून बसल्याला. ऱ्हाऊ द्या हीच."

तेव्हापासून मला या घोगऱ्या आवाजाचा अभिमान आहे. जमेल त्या गुरुवारी विद्यार्थी रतनबाईंना घेऊन येतात आणि दोरी ओढतात. गुरुवारी इथे तास चालू असतात, प्राध्यापक वैतागतात. वैतागू देत. भोसरीची सुट्टी काही विद्यापीठाला विचारून ठरत नाही.

यंदा नवे कुलसचिव आले. पदवीदानाला मोठे पाहुणे येणार, म्हणून त्यांनी घंटा वाजवून पाहिली आणि म्हणाले, "हा पीस रिजेक्ट आहे."

रिजेक्ट! चाकणपासून भोसरीपर्यंत या शब्दाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. हा शिक्का ज्या मालावर बसला, तो माल भंगारात गेला. साहेबांनी माझ्या अंगावर स्पीकर ठोकला. त्यातून कुठल्याशा परदेशी घंटेचा आवाज येतो. घंटेची दोरी काढून नेली आणि पदवीदानाआधी घंटाही उतरवायचा हुकूम सोडला. मला असा संताप आला की काय सांगू!

पुढच्याच गुरुवारी रतनबाई आल्या. दोरी कुठे दिसेना. साहेब समजावू लागले, "मावशी, आता दोरी ओढायचे कष्टच नाहीत. ऐका." स्पीकर किणकिणला.

"ग्वाड हाय," रतनबाई म्हणाल्या. "पर ही कुणाची? आमच्या मानसाची न्हाई."

सरांची विद्यार्थिनी तनुजा आता त्यांच्याच वर्कशॉपमध्ये शिकवते. ती धावत जाऊन तिथला सगळ्यात मोठा पाना घेऊन आली. "काकू, चला वर."

"मॅडम, नोकरीचा विचार करा!" साहेब ओरडले.

"केला, सर," तनुजा म्हणाली आणि काकूंचा हात धरून माझा जिना चढू लागली.

वर आल्यावर रतनबाईंनी घंटेवरून हात फिरवला. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. "अवो," त्या म्हणाल्या, "ऐकताय न्हवं?" आणि दोन्ही हातांनी पाना उचलून त्यांनी असा टोला हाणला की मी पायापर्यंत थरारलो. घंटेने तिच्या त्या बसक्या आवाजात ओ दिली. रतनबाई रडल्या, तनुजा रडली, आणि दगड-विटांचा असलो तरी मलाही भरून आलं. खाली वर्ग रिकामे झाले आणि पटांगण भरलं.

हुकूम अजून मागे घेतलेला नाही. घंटा उतरवायला क्रेन कदाचित उद्याच येईल. मित्रांनो, तुमच्या एखाद्या माणसाच्या बसक्या आवाजाला कुणी रिजेक्ट म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. मी तर मुळीच घेणार नाही. साहेब, दोरी तुम्ही काढलीत. आवाज मी काढणारच.