कुलपातली अंबू बॅग

मित्रांनो, मी जुनी आहे, पण झिजलेली नाही. चार वर्षांत मला कुणी हातच लावला नाही, तर झिजणार कुठून?

मी अंबू बॅग. मोठ्या आंब्याएवढा एक रबरी फुगा आणि पुढं छोटासा मास्क. जन्मलेलं बाळ श्वास घेत नसेल, तर मास्क त्याच्या नाकातोंडावर धरायचा आणि फुगा दाबायचा. माझ्यातली हवा त्याच्या छातीत जाते. काम एवढंच, पण ते पहिल्या मिनिटातच व्हायला लागतं.

कारखान्यात मला दहादा दाबून बघितलं आणि खोक्यात भरलं. सोलापुरातल्या एका छोट्या दवाखान्यात आले तेव्हा वाटलं, आता रोज काम. पण इन्चार्ज अनसूया सिस्टरनी मला पिशवीसकट बाळंतपणाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. वर चिठ्ठी चिकटवली, 'परवानगीशिवाय उघडू नये.'

त्या वाईट नव्हत्या हं. पूर्वी एक बॅग हरवली, तेव्हा त्यांना तीनदा लेखी खुलासा द्यावा लागला होता. तेव्हापासून किल्ली त्यांच्या पर्समध्ये. तपासणीला साहेब आले की म्हणायचे, "वा सिस्टर, वस्तू अगदी नव्यासारख्या!" खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकून बरं वाटायचं. दवाखान्यातल्या आया, भीमामावशी, काच पुसताना मला चिडवायच्या, "काय नवरीबाई, सासरी कवा जायचं?"

काम करणारी बॅग दुसरीच होती. ती टेबलाजवळ टांगलेली असायची. तिनं कितीतरी पोरं रडवली. मी बघत बसायचे.

मग तो मंगळवार आला. सकाळी एका अशक्त बाळाला मोठ्या दवाखान्यात हलवलं. त्याच्याबरोबर ती बॅगही अँब्युलन्समधून गेली. अनसूया सिस्टर कुर्डुवाडीला, भाचीच्या साखरपुड्याला. खोलीत ड्युटीवर होत्या धम्मप्रिया सिस्टर. वय चोवीस, अकरा महिन्यांच्या करारावर, आणि तो संपायला तीनच आठवडे राहिलेले. करार वाढवायचा की नाही, ते अनसूया सिस्टरच्या शेऱ्यावर.

धम्मप्रियानं फोन लावला. "सिस्टर, कपाटाची किल्ली?"

"माझ्याजवळच की. दोनच्या गाडीनं निघते. तोवर कुठं हात लावू नको."

"पण एक पेशंट आलीय. कळा चालू हायत."

"पहिलटकरीण ना? वेळ लागतोय गं तिला. मी पोचते."

ती पहिलटकरीण म्हणजे श्रावणी, जुळे सोलापूर भागातली. ती कुणासाठीच थांबली नाही. बारा वाजता पाणी गेलं, ते हिरवट. धम्मप्रियाचा चेहरा उतरला. पोटातल्या बाळाला त्रास होत असला की पाणी असं हिरवं जातं. डॉक्टर वरच्या मजल्यावर, सिझेरियनमध्ये अडकलेले. भीमामावशींनी अँब्युलन्सवाल्याला फोन केला. "आरं, बॅग घिऊन ये की लगेच!" तो म्हणाला, "मावशी, सात रस्ता चौकात अडकलोय. गाडी हलंना."

बारा चाळीसला बाळ झालं.

आवाज नाही. अंग निळसर, हातपाय लोंबकळलेले. धम्मप्रियानं त्याला कोरडं केलं, तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. समोर भिंतीवर घड्याळ होतं. एक मिनिट गेलं.

"रडंना कसं?" श्रावणी मान उचलायला बघत होती. "सिस्टर, रडंना कसं ओ?"

धम्मप्रिया कपाटाकडं धावली. कुलूप ओढलं. पुन्हा ओढलं. मग तिची नजर चिठ्ठीवर गेली आणि हात तिथंच थांबला. मला तिचा तळवा काचेवर दिसत होता.

"बघतीस काय, पोरी! फोड की!"

"मावशी, माझा करार..."

"करार गेला तर दुसरा गावंल. ह्येला दुसरा जीव कुटनं आणतीस?"

धम्मप्रियानं सलाइनचा स्टँड उचलला. मी पहिल्यांदा काच फुटल्याचा आवाज ऐकला. तिनं पिशवी फाडली, मला तळहातावर दाबून बघितलं. मी चालू होते! पण बाळाच्या तोंडावर धरलं आणि फुस्स, हवा कडेनं निघून गेली. चार वर्षं मी आडवी पडले होते आणि माझ्या मास्कची कडा दबली होती. मित्रांनो, इतकी लाज मला कधीच वाटली नाही.

दुसरा दाब. छाती हललीच नाही.

धम्मप्रियानं ओठ चावले. बाळाची मान जराशी मागं केली, हनुवटी वर उचलली, माझी दबलेली कडा दोन बोटांनी घट्ट दाबून धरली. "दाब, सोड... दाब, सोड..." ती स्वतःशीच पुटपुटत होती. छाती उचलली. इवलीशी, पण उचलली. मावशींनी नाळेला बोट लावलं. "हाय गं, ठोका हाय. थांबू नगंस."

विसाव्या की पंचविसाव्या दाबाला बाळानं स्वतः एक श्वास ओढला. मग कण्हलं. मग रडलं, अगदी बारीक. श्रावणी त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडली.

संध्याकाळी अनसूया सिस्टर आल्या. खाली फुटलेली काच तशीच होती.

"खुलासा मी लिहून देते, सिस्टर," धम्मप्रिया म्हणाली.

"बाळ?"

"हाय. डॉक्टरांनी देखरेखीखाली ठेवलंय."

"किती मिनिटं... म्हणजे, बॅग मिळेपर्यंत किती गेली?"

धम्मप्रियानं खरं सांगितलं. "तीन."

अनसूया सिस्टर स्टुलावर बसल्या. मग पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "खुलासा मी लिहिते. तू हाताला पट्टी कर, काच लागलीय."

चौथ्या दिवशी बाळ नीट दूध प्यायलं. पण डॉक्टरांनी श्रावणीला सांगितलंय, वर्षभर दाखवत राहायचं. मान कधी धरतंय, आवाजाकडं बघतंय का, सगळं बघायचं. त्या तीन मिनिटांचा बाळाच्या मेंदूवर काय परिणाम झाला, ते आज कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. जीव वाचवणारी वस्तू जपा, पण वापरून, धुऊन, हाताशी ठेवून जपा. ते बाळ माझ्यापासून तीन पावलांवर होतं. तेवढं अंतर जायला मला तीन मिनिटं लागली.